परदेशी सिनेमा लावला की डुलकी का लागते?

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: “मुलगा जर्मनीला जाताना मोठा टीव्ही घेऊन देऊन गेला, दोन-तीन ओटीटीही भरून दिले. मी आणि आमचे हे, दोघंही आता निवृत्त. मालिकांचा कंटाळा आला म्हणून परदेशी सिनेमे लावायला लागलो. पण वीस मिनिटांत ह्यांची मान कलते, आणि मी खालच्या ओळी वाचत बसते. सिनेमा संपला की चित्रात काय होतं ते आठवतच नाही. हिंदीत डब केलेलं बघावं का? हे सिनेमे इतके संथ का असतात? तुम्ही स्वतः घरी काय बघता, काय आवडलं, काय नाही, तेही मोकळेपणी सांगा.”

ताई, आधी रिमोट हातात घ्या. सिनेमाचं नंतर बघू.

मी गेली बावीस वर्षं सबटायटलं लिहिते. बहुतेक मराठीतून इंग्रजीत, कधीमधी उलटं. म्हणजे तुम्ही ज्या खालच्या ओळींमुळे वैतागलात त्या लिहिणाऱ्यांपैकी मी एक. त्यामुळे लोकांच्या घरी गेले की माझं लक्ष आधी टीव्हीकडे जातं, आणि दहातल्या सात घरांत तो चुकीचा लावलेला असतो. सेटिंगमध्ये ‘मोशन’ हा शब्द शोधा. बहुतेक कंपन्यांनी त्याच्या पुढेमागे काहीतरी भारदस्त जोडलेलं असतं, पण ‘मोशन’ सहसा सापडतंच. ते बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो. टीव्हीला ती कमी वाटतात, म्हणून तो मधली चित्रं स्वतःच तयार करून घुसडतो. क्रिकेटला त्यानं चेंडू छान दिसतो. सिनेमाची मात्र मालिका होऊन बसते, सगळं गुळगुळीत, स्टुडिओत शूट केल्यासारखं. २०१८ च्या डिसेंबरात टॉम क्रूझनं खास व्हिडिओ काढून लोकांना हे बंद करायला सांगितलं होतं, आणि पुढच्या वर्षी टीव्ही कंपन्यांनी ‘फिल्ममेकर मोड’ नावाचं बटण जाहीर केलं. तुमच्या टीव्हीवर ते असलं तर काम झालं.

दुसरं, काळ्या पट्ट्या. त्या राहू द्या. माझ्या मामेबहिणीकडे एकदा ‘इदा’ लावला होता, पोलंडचा, २०१३ चा, काळा-पांढरा, जेमतेम ८२ मिनिटांचा. त्याची चौकट जुन्या सिनेमांसारखी जवळजवळ चौकोनी, म्हणून टीव्हीच्या दोन्ही बाजूंना काळं दिसतं. भाऊजींना ते खपेना. एवढा मोठा टीव्ही घेतला तो काय अर्धा बघायला? त्यांनी झूम दाबलं. आता गंमत अशी की दिग्दर्शक पावलिकोव्स्कीनं ह्या सिनेमात माणसं मुद्दाम चौकटीच्या तळाशी बसवलीत. वर भिंत, आभाळ, चर्चचं छत, आणि खाली कोपऱ्यात ती कोवळी नन. झूम केल्यावर वरचं आभाळ गेलं आणि खालून तिची हनुवटी गेली. उरलेल्या चेहऱ्यावर सबटायटल आलं. भाऊजी म्हणाले, “ह्याला ऑस्कर कशाबद्दल दिलं?” मी म्हटलं, तुम्ही कापलंत त्याबद्दल.

आता खालच्या ओळी. तुम्ही त्या ‘वाचता’ हीच अडचण आहे. पेपर वाचतो तसं डावीकडून उजवीकडे, शब्द न् शब्द. आम्ही त्या तशा वाचायला लिहीतच नाही. एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण चाळीस अक्षरं, आणि सात सेकंदांच्या वर ओळ पडद्यावर ठेवायची नाही. तेवढ्यात न मावणारं सगळं कापायचं. माणूस रागात चार वाक्यं बोलतो तेव्हा मी एक लिहिते, कारण उरलेली तीन त्याच्या चेहऱ्यावर असतात. म्हणजे ओळ अर्धवटच असते. उरलेलं वर बघून घ्यायचं अशी आमची अपेक्षा असते. रिक्षातून जाताना दुकानाची पाटी कशी बघतो आपण? वाचली असं वाटतही नाही, पण ‘अमुक वस्त्रभांडार’ हे डोक्यात गेलेलं असतं. तसं. एखादी ओळ सुटली तर सुटू द्या. रिमोट दाबून मागे जाऊ नका, ती सवय एकदा लागली की दोन तासांचा सिनेमा तीन तास चालतो आणि तुम्ही जिंकल्यासारखं काही होत नाही.

सोफ्यापासून टीव्ही फार लांब असेल तर मात्र खरंच त्रास होतो. बहुतेक ॲपांत अक्षर मोठं करता येतं. ते करा. लाजू नका, मी पण केलंय.

पण ह्या ओळींबद्दल एक गोष्ट आहे जी मला धंद्यात दहा वर्षं काढल्यावर कळली. परदेशी सिनेमा आपल्याला परका वाटतो त्यात इंग्रजीचा हात मोठा आहे. जपानी किंवा इराणी माणूस जे बोलतो ते आधी इंग्रजीच्या गाळणीतून जातं, आणि मग आपण ते मराठी डोक्यानं वाचतो. त्या गाळणीत नेमकं तेच अडकतं जे आपल्याला सहज कळलं असतं. मी मराठी सिनेमाचं इंग्रजी करते तेव्हा माझं रोजचं रडगाणं हेच. बायको स्वयंपाकघरातून हाक मारते, “अहो!” इंग्रजीत काय लिहू? नवऱ्याचं नाव लिहिलं तर ती बाई वेगळीच झाली. काहीच लिहिलं नाही तर बघणाऱ्याला वाटतं सबटायटल राहिलं. त्या दोन अक्षरांत लग्नाची चाळीस वर्षं, सासूचा धाक आणि आताची चिडचिड, सगळं आहे. मी बहुतेक वेळा जागा रिकामी सोडते.

हेच उलट बाजूनं बघा. जपानी दिग्दर्शक ओझूचा ‘टोकियो स्टोरी’, १९५३ चा. ओनोमिची नावाच्या बंदरगावातलं म्हातारं जोडपं टोकियोला मुलांकडे जायला निघालंय. पहिलाच प्रसंग: दोघं जमिनीवर बसून सामान भरतायत. प्रवासाची फुगवायची उशी सापडत नाही. तो म्हणतो, तुझ्याकडेच दिली होती. ती म्हणते, माझ्याकडे नाही. शोधाशोध होते, आणि उशी त्याच्याच सामानात निघते. तो सापडली म्हणून सांगतो. ती काही टोमणा मारत नाही, तो चुकलो म्हणत नाही. एवढंच. इंग्रजीत हा प्रसंग अगदी सपाट आहे, दोन माणसं एक वस्तू शोधतात. पण तुम्ही तो आवाज बारीक करून ‘अहो’ घालून बघा. तुमच्याच घरातली, गावाला निघायच्या आदल्या दिवशीची दुपार आहे ती.

जपानीतलं ‘सो का’ किंवा ‘सो देस का’ सिनेमाभर ऐकू येतं. इंग्रजी सबटायटल त्याचं कधी ‘आय सी’ करतं, कधी गाळून टाकतं. आपल्याकडे त्याला तयार शब्द आहे: “हो का.” प्रश्न नाही, होकार नाही, नुसतं समोरच्याचं ऐकलं म्हणून टाकलेलं. टोकियोतला डॉक्टर मुलगा, ब्यूटी पार्लरवाली मुलगी, दोघांनाही आईवडिलांना फिरवायला वेळ नाही. म्हातारे ते कळूनही “हो का” म्हणत राहतात. ते दोघं आपल्या गावाकडची बोली बोलतात, हेही इंग्रजीत कळत नाही. त्यांना वेळ देते ती नोरिको, युद्धात गेलेल्या मुलाची बायको. ते तिच्या एका खोलीच्या घरी येतात तेव्हा ती शेजारणीकडून साके उसनी आणते, वर साकेचं भांडंही. वाटीभर साखर उसनी आणणाऱ्या आपल्या चाळींना हे समजवायला लागत नाही. आणि ‘डॉटर-इन-लॉ’ म्हटल्यावर काहीच वाटत नाही, ‘सून’ म्हटल्यावर वाटतं. तुमचा मुलगा जर्मनीत आहे, म्हणून हा सिनेमा सांगताना मी जरा बिचकले, पण तरीही सांगते.

इराणचं तर ह्याहून जवळचं. किआरोस्तामीचा १९८७ चा सिनेमा आहे, इंग्रजीत ‘व्हेअर इज द फ्रेंड्स होम’. मूळ नाव ‘खाने-ये दूस्त कोजास्त’. नावातला ‘दूस्त’ कळला? ‘खाने’ म्हणजे घर, आपल्या दवाखान्यातलं नि कारखान्यातलं. गोष्ट एवढीच: वर्गात गुरुजी एका पोराला दम भरतात, पुन्हा वहीत गृहपाठ आणला नाहीस तर शाळेतून काढीन. त्याच्या शेजारी बसणारा अहमद घरी येऊन बघतो तर त्या पोराची वही चुकून आपल्याकडे आलेली. तो आईला सांगतो, मला ती परत द्यायला जायचंय. आई कपडे वाळत घालतेय. ती म्हणते, अभ्यासाला बस. तो पुन्हा सांगतो. ती म्हणते, बाळाला झोका दे. तो पुन्हा सांगतो. त्या ‘वही’ला तो जो शब्द वापरतो तो आहे ‘दफ्तर’. आपलं दप्तर! शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय म्हणून, आणि तरीही दप्तर साडेतीनशे वर्षं मराठी पोरांच्या पाठीवर आहेच. एकदा तो शब्द कानाला लागला की त्या पोराची विनवणी परकी राहत नाही. खालची ओळ बघायचीही गरज उरत नाही. तो दर वेळी तेच म्हणतो आणि आई दर वेळी ऐकत नाही, एवढं कळायला ओळ कशाला हवी?

म्हणून माझा तुम्हाला सल्ला, पहिली पाच मिनिटं डोळ्यांपेक्षा कान उघडे ठेवा. भाषेची चाल पकडा. कोण कुणाला आदरानं बोलतंय ते आवाजावरून ओळखा. फार्सीत ‘तो’ आणि ‘शोमा’ आहे, आपल्या तू आणि तुम्हीसारखं. फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन, सगळीकडे काही ना काही आहे. इंग्रजीत सगळे ‘यू’.

आणि म्हणूनच डबिंगला माझा नकार. मुलांसाठीचे ॲनिमेशनपट सोडून. ‘माय नेबर टोटोरो’ नातवंडांबरोबर खुशाल डब केलेला बघा, तिथे ओठ नाही तरी चितारलेलेच आहेत. पण माणसांच्या सिनेमात आवाज काढून घेतला की अर्धा नट गेला. कुणी म्हणेल, जुने इटालियन सिनेमे तर सगळे नंतर स्टुडिओतच डब व्हायचे. खरंय. फेलिनी कधीकधी नटांना संवादांऐवजी नुसते आकडे म्हणायला लावायचा आणि शब्द मागाहून भरायचा. पण तो भरणारा फेलिनी होता. हिंदी डबिंगमध्ये तेच चार-पाच आवाज कोरियन खुन्यापासून स्पॅनिश आजीपर्यंत सगळ्यांना पुरवले जातात.

सबटायटलही फसवतं, हे कबूल करते. ‘पॅरासाइट’मध्ये मालकीणबाई फोनवरून एक पदार्थ करायला सांगते. इंग्रजीत त्याला ‘राम-डॉन’ लिहिलंय. असा पदार्थच नाही जगात! कोरियनमध्ये तो ‘जापागुरी’, दोन स्वस्त पाकिटबंद नूडल्स एकत्र करून केलेला, पोरं हॉस्टेलवर खातात तसा. भाषांतरकार डार्सी पॅकेट ह्यांनी रामेन आणि उडोन जोडून नवा शब्द बनवला, म्हणजे निदान नूडल्स आहेत एवढं जगाला कळावं. मालकीणबाई त्यात उंची गोमांस घालायला सांगते, तो खरा विनोद. आपल्याकडे मॅगीत काजू, केशर आणि साजूक तूप घालायला सांगितल्यासारखं. त्याच सिनेमात बाप कौतुकानं विचारतो की बनावट कागदपत्रं करण्याची पदवी विद्यापीठात मिळते का, तर कोरियनमध्ये सोल विद्यापीठ आहे, इंग्रजीत ऑक्सफर्ड. मी त्या जागी असते तर तेच केलं असतं. पण म्हणजे आपण जे वाचतो ते कुणाच्या तरी सोयीसाठी केलेलं असतं, हे ध्यानात ठेवायचं.

ह्याचा कळस झाला ‘रोमा’च्या वेळी. मेक्सिकोचा सिनेमा, स्पॅनिश भाषेतला. २०१९ च्या जानेवारीत लक्षात आलं की स्पेनमध्ये तो स्पॅनिश सबटायटलांसह दाखवला जातोय. स्पॅनिशला स्पॅनिश! आणि तेही बदलून. मुलं ‘मामा’ म्हणतात तिथे खाली ‘माद्रे’. ‘गान्सितो’ नावाचा मेक्सिकन केक, त्याचा ‘गान्चितो’ झाला, जो स्पेनमधला वेगळाच खारा खाऊ. दिग्दर्शक कुआरोन भडकला, मग ती काढली. मालवणी मालिकेखाली कुणी सदाशिव पेठी मराठी ओळी दिल्या तर सावंतवाडीचा माणूस काय म्हणेल ते डोळ्यांसमोर आणा. बाकी ‘रोमा’ मला घरी दोनदा बघावा लागला. पहिल्यांदा टीव्हीच्या आवाजावर बघितला आणि वाटलं, चित्रं सुंदर, पण मन लागत नाही. दुसऱ्यांदा हेडफोन लावून बघितला. कुत्र्याचं भुंकणं, फेरीवाल्याची शिट्टी, वरून जाणारं विमान, समुद्राची गाज, सगळं चारी बाजूंनी. त्या सिनेमाचं निम्मं घर आवाजानं बांधलंय. टीव्हीचे स्पीकर बहुधा मागे नाहीतर खाली तोंड करून असतात, ते बिचारे काय ऐकवणार?

आता संथपणाचं. इथे जरा वेळ घेते, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा हाच आहे.

शॉन्ताल आकरमान ही बेल्जियमची दिग्दर्शिका. तिचा ‘जान डिलमन’ (पूर्ण नावात त्या बाईचा अख्खा पत्ता आहे) १९७५ साली आला तेव्हा ती पंचविशीत होती. २०१ मिनिटं. ‘साइट अँड साउंड’ ह्या ब्रिटिश मासिकानं दहा वर्षांनी एकदा घेतला जाणारा समीक्षकांचा कौल २०२२ साली घेतला, त्यात तो पहिला आला. एक विधवा, तिचा शाळकरी मुलगा, एक फ्लॅट, तीन दिवस. ती बटाटे सोलते, भांडी घासते, अंथरूण घालते. कॅमेरा हलत नाही, तिच्या अंगावरही येत नाही. एका बाजूला उभा राहून बघतो, शेजारची बाई दारात उभी राहून बघेल तसा. ती दुपारी पैसे घेऊन पुरुषांना घरी घेते, तेही त्याच शिस्तीत. येणाऱ्याचा कोट घे, दार लाव, नंतर पैसे सूपच्या भांड्यात टाक.

मी हा पहिल्यांदा बघितला तेव्हा पहिल्या तासात मीही घड्याळ बघितलं. दुसऱ्या दिवशी (सिनेमातल्या) तिचे बटाटे जास्त शिजतात. बस, इतकंच होतं. पण ती भांडं हातात घेऊन स्वयंपाकघरातून निघते, न्हाणीघराकडे जाते, परत येते. ते कुठे ठेवावं, टाकावं का, हेच तिला सुचत नाही. आणि मी सोफ्यावर ताठ बसले. कारण दीड तास मी ह्या बाईला एकही पाऊल वाया घालवताना बघितलं नव्हतं. ते भांडं घेऊन फिरणं म्हणजे घरात भूकंप आहे. हेच दोन मिनिटांत दाखवलं असतं तर मला फक्त बटाटे दिसले असते. दिग्दर्शिका आधी तुमच्या अंगात त्या घराचं वेळापत्रक मुरवते, मग एक खिळा सैल करते. पुरुष मित्रांना हा सिनेमा सहसा कंटाळवाणा वाटतो. माझ्या सासूबाईंनी मात्र तासभर बघून म्हटलं, “हिला कुणी मदत का करत नाही?” त्यांना कथा कळली होती.

संथ सिनेमा संथ असतो तो असा, काही पेरायला. काही नुसतेच संथ असतात, तेही सांगते. फरक ओळखायची माझी घरगुती रीत: कॅमेरा थांबलेला असताना माझे डोळे चौकटीत हिंडतायत का? हिंडत असतील तर दिग्दर्शकानं बघण्यासारखं काही ठेवलंय. नुसतं पाठमोरं माणूस खिडकीतून बाहेर बघतंय आणि मीही त्याच्या पाठीकडेच बघतेय, तर तो वेळ काढतोय. चाळीस मिनिटांनंतर मी असा सिनेमा बंद करते. कसलंही पाप लागत नाही.

तुर्कस्तानच्या नुरी बिल्गे जेलानचे दोन सिनेमे ह्याच तराजूवर घाला. ‘वन्स अपॉन अ टाइम इन अनातोलिया’ (२०११) मध्ये पोलीस, डॉक्टर आणि सरकारी वकील रात्रभर एका पुरलेल्या प्रेताच्या शोधात माळरानावर फिरतात. गाडीत खुनाची चर्चा होईल असं आपल्याला वाटतं, तर हे लोक म्हशीच्या दह्यावर बोलतायत! मागच्या सीटवर मधोमध संशयित खुनी बसलाय, डुलकी काढतोय. मला हा सिनेमा जीव की प्राण आहे. पुढे मध्यरात्री एका गावात वीज जाते, आणि सरपंचाची मुलगी कंदील आणि चहा घेऊन येते. त्या उजेडात ते दमलेले पुरुष तिच्याकडे बघतात, एवढ्या दोन-चार मिनिटांत प्रत्येकाचा भूतकाळ दिसतो. त्याच दिग्दर्शकाच्या ‘विंटर स्लीप’ला २०१४ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. तीन तासांहून जास्त. मला तो पेलला नाही. माणसं बसून एकमेकांना टोचून बोलतात, हुशारीनं बोलतात, पण मला सारखं वाटत होतं, ह्यांना कुणीतरी जेवायला बोलवा.

झोपेबद्दल: यजमानांना झोपू द्या. थट्टा नाही करत. खुद्द किआरोस्तामी म्हणत असे की बघताना डुलकी लागू देणारे सिनेमे त्याला आवडतात, आणि तेच पुढे कित्येक दिवस जागं ठेवतात. पण जेवल्यावर साडेनऊला सबटायटलवाला सिनेमा लावणं ही तुमची चूक आहे. आमच्या पिढीनं असे सिनेमे दूरदर्शनवर रविवारी दुपारी बघितले, प्रादेशिक चित्रपट लागायचे तेव्हा. मल्याळम, बंगाली, आसामी, खाली इंग्रजी ओळी. वरणभाताच्या जेवणावरही आम्ही जागे राहायचो, कारण दुसरं चॅनलच नव्हतं. आता चार वाजताचा चहा झाला की लावा. पडदे ओढा. फोन दुसऱ्या खोलीत.

स्वतंत्र सिनेमा म्हणून वेगळं विचारलं नाहीत, पण ‘परदेशी’ शब्दात अडकू नका. स्टुडिओच्या पैशाशिवाय, स्टारशिवाय केलेले आपल्याकडचे सिनेमेही ह्याच कुळातले आहेत. चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’मध्ये कॅमेरा असाच लांब उभा राहतो. सरकारी वकीलबाई कोर्टात वीस-वीस वर्षांची शिक्षा मागण्याच्या गोष्टी करतात आणि मग लोकलनं घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. ते स्वयंपाकघर आणि आकरमानचं स्वयंपाकघर शेजारी ठेवून बघा. हा सिनेमा २०१४ मध्ये व्हेनिसला दोन पुरस्कार घेऊन आला, आणि इथे माझ्या ओळखीतल्या अर्ध्या लोकांनी तो ‘शेवट कळला नाही’ म्हणून सोडून दिला. शेवटी न्यायाधीश सुट्टीत बागेत बसल्या बसल्या झोपतात. पोरं ओरडून उठवतात, ते एकाला चापट मारतात आणि पुन्हा झोपतात. त्यात न कळण्यासारखं काय आहे? पायल कपाडियाचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ (२०२४, कानचं ग्रां प्री) मल्याळम, हिंदी, मराठी असा तिन्ही भाषांत चालतो. पार्वती, म्हणजे छाया कदम, मुंबईतलं घर सोडून रत्नागिरीकडच्या गावी परत जाते, आणि सिनेमाचा श्वासच बदलतो. तिथे मराठीपुरतं आपल्याला खाली बघावं लागत नाही. लहान गोष्ट आहे, पण मला त्या सुटकेचा फार आनंद झाला. रोहन कानवडेचा ‘साबर बोंडं’ २०२५ ला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागात पहिला आला. गावाकडचं सुतक आणि दोन पुरुषांमधलं प्रेम, आवाज न चढवता.

आवडलं नाही त्यात एक लोकप्रिय नाव घेते, शिव्या खायची तयारी आहे. विम वेंडर्सचा ‘परफेक्ट डेज’. टोकियोतली सार्वजनिक संडासं साफ करणारा माणूस. याकुशोचा अभिनय अप्रतिम, कानला पारितोषिक मिळालं ते योग्यच. पण ती संडासं आधीपासूनच चकचकीत आहेत! नामांकित वास्तुरचनाकारांनी बांधलेली, आणि सिनेमाची सुरुवातच त्या प्रकल्पातून झाली. सफाई कामगाराच्या जगण्यात घाण दिसू नये, हे मला मुंबई-पुण्यात राहून पचत नाही. माझ्या नवऱ्याचं मत उलट आहे, तो हा सिनेमा तीनदा बघून झाला.

मग सुरुवात कशानं? दोघांना मिळून वाद घालता येईल असा, इराणच्याच असगर फरहादीचा ‘अ सेपरेशन’ (२०११) लावा. बायकोला मुलीसाठी देश सोडायचाय, नवऱ्याला अल्झायमर झालेल्या बापाला सोडून जाता येत नाही. पहिल्या प्रसंगात दोघं न्यायाधीशासमोर बसून थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे तुमच्याकडे बघत आपापली बाजू मांडतात. नंतर कामाला ठेवलेली बाई त्या म्हाताऱ्याचे कपडे ओले झाल्यावर धर्माच्या हेल्पलाइनला फोन करून विचारते, परपुरुषाचे कपडे मी बदलले तर पाप लागेल का? ह्या सिनेमात झोप लागत नाही, हमी देते. तुम्ही बायकोच्या बाजूनं सुरू कराल, हे नवऱ्याच्या, आणि मध्ये कुठेतरी दोघांच्याही बाजू बदलतील.

त्यानंतर इटालियन दिग्दर्शक डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’, दीड तासाचा. सायकल चोरीला जाते हे सगळ्यांना माहीत असतं. तुम्ही त्याआधीची चादरींची जागा बघा. नोकरीसाठी सायकल सोडवायची म्हणून बायको पलंगावरच्या चादरी ओढून काढते आणि गहाण टाकायला नेते. खिडकीपलीकडचा कारकून ते गाठोडं घेऊन जातो, एका उंचच उंच मांडणीवर चढतो, आणि वर ठेवतो. मांडणीभर तशीच गाठोडी. अख्ख्या शहराच्या चादरी. त्या चढण्याला संवाद लागत नाही, म्हणजे वाचायचंही काही नाही. तेवढं बघितलंत की पुढच्या रविवारी ‘टोकियो स्टोरी’. ‘जान डिलमन’ पावसाळ्यात, एखाद्या पूर्ण रिकाम्या दुपारी, आणि तोही तुम्ही एकट्यानं बघितला तरी चालेल.

आणि हो, ते ‘मोशन’ बंद केल्यावर पहिले दोन दिवस चित्र जरा अडखळल्यासारखं वाटेल. यजमान म्हणतील, टीव्ही बिघडवलास. क्रिकेटच्या दिवशी परत चालू करून द्या त्यांना.